मॅन्युअलला घातलेले कुलूप

जुलै १९९० मध्ये शिकागोच्या फेडरल कोर्टात एक खटला उभा राहिला. त्याच्या मुळाशी होता अवघ्या बारा पानांचा एक कागद. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत टेलिफोन सेवा देणाऱ्या बेलसाउथ कंपनीचा तो अंतर्गत दस्तऐवज. ९११ या आपत्कालीन क्रमांकाची सुधारित सेवा कोणत्या कार्यालयाने सांभाळायची, बिघाड झाला तर कोणी कोणाला कळवायचे, चाचणीची जबाबदारी कोणाची, अशा गोष्टींची त्यात नोंद होती. पासवर्ड एकही नव्हता, प्रोग्रॅमची एक ओळही नव्हती. कंपनीच्या संगणकात शिरून कोणीतरी तो उचलला होता आणि मिसुरी विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने काटछाट करून तो फेब्रुवारी १९८९ मध्ये आपल्या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकात छापला होता. कंपनीने या कागदाची किंमत लावली ७९,४४९ डॉलर. हा आकडा कसा आला ते पाहण्यासारखे आहे. लिहिणाऱ्याचे २०० तास, त्याचे ७,००० डॉलर. त्याच्यावर देखरेख करणाऱ्याचेही २०० तास, ६,२०० डॉलर. आठवडाभराच्या टायपिंगचे ७२१. लेबलांच्या खोक्याचे ५. खरेदीचा आदेश तयार करून त्यावर सही मिळवण्याचे १२९. पन्नास जणांना टपालाने पाठवण्याचे ८५८. अशी सगळी मजुरी आणि किरकोळ खर्च धरून बेरीज होते १७,०९९. उरलेले ६२,३५० डॉलर म्हणजे ज्या यंत्रांवर हा कागद तयार झाला त्यांची पूर्ण किंमत: संगणक ३१,०००, पाने मांडण्याचे सॉफ्टवेअर २२,०००, प्रिंटर ६,०००, संगणकाची कार्यप्रणाली २,५००, मॉनिटर ८५०. बचावपक्षाने कोर्टात दाखवून दिले की याच सेवेची माहिती देणारी पुस्तिका टेलिफोन कंपन्यांची संशोधन संस्था बेलकोर १३ डॉलरला विकते. फोन करून कोणीही ती मागवू शकत होता. हे कागद शोधून काढणाऱ्याचे नाव जॉन नेगल. नेटवर्किंग शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव टीसीपीमधल्या त्याच्या अल्गोरिदममुळे माहीत असते. खटला काही दिवसांतच मागे घेतला गेला.

७९,४४९ आणि १३ यांच्यामधली ही दरी एका खटल्यापुरती राहिलेली नाही. नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांपैकी अनेक आज आपली मॅन्युअले, कमांडची संदर्भपुस्तके, दोषांच्या याद्या आणि नव्या आवृत्तीच्या टिपा लॉगिनच्या पलीकडे ठेवतात. लॉगिन हवे तर चालू सपोर्ट करार हवा, आपल्याकडच्या भाषेत एएमसी हवी. विचारले तर उत्तर ठरलेले असते: सुरक्षितता आणि चोरीपासून संरक्षण. या धंद्याचा इतिहास तपासला तर मात्र दुसरेच चित्र दिसते. कुलूप लागते ते बहुधा गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून, आणि सुरक्षिततेचे कारण नंतर जोडले जाते. शिवाय ज्या नेटवर्कवर या कंपन्या मोठ्या झाल्या ते उघड्या कागदांवर उभे राहिले. कुलूप लावणे हा या धंद्याचा मूळ रिवाज कधीच नव्हता.

कुलूप स्वतः नेटवर्कपेक्षा जुने आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयबीएमची टॅब्युलेटिंग यंत्रे विकत मिळत नसत, फक्त भाड्याने मिळत. यंत्र कंपनीचे, दुरुस्ती करणारा कंपनीचा आणि दुरुस्तीचे पुस्तकही कंपनीचेच. अमेरिकी सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला आणि २५ जानेवारी १९५६ रोजी तडजोडीचा हुकूमनामा झाला. त्यात यंत्रे विकण्याची सक्ती होती ती सर्वांच्या लक्षात राहिली. त्याच हुकूमनाम्यात दुसरेही एक कलम होते: कंपनी आपल्या दुरुस्ती-कर्मचाऱ्यांना जी मॅन्युअले आणि सूचनापुस्तके देते तीच यंत्राच्या मालकालाही द्यायची, आणि सुटे भाग बाहेरच्या दुरुस्तीवाल्यालाही वाजवी दराने विकायचे. नुसते यंत्र विकायला लावून भागणार नाही हे सरकारी वकिलांनी नीट ओळखले होते. पुस्तक हातात नसेल तर यंत्राची मालकी कागदोपत्रीच राहते, दर बिघाडाला मालक पुन्हा विक्रेत्याच्याच दारात उभा. १९९६ पासून हा हुकूमनामा टप्प्याटप्प्याने उठवला गेला. त्याआधीची चाळीस वर्षे या कलमासह तो अमलात होता, आणि त्या काळात आयबीएम काही बुडाली नाही.

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटची कहाणी अनेकदा सांगितली जाते, पण त्यातल्या एका मॅन्युअलकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजच्या बीबीएन कंपनीने अर्पानेटचे पहिले राउटर म्हणता येतील अशी आयएमपी नावाची यंत्रे बनवली. हनीवेलच्या छोट्या संगणकावर ती बांधली होती. पहिल्या चार ठिकाणांचे संगणक मात्र एका जातकुळीचे नव्हते. लॉस एंजेलिसला सिग्मा-७, स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत एसडीएस-९४०, सांता बार्बराला आयबीएमचा ३६०/७५, युटाला पीडीपी-१०. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या संगणकासाठी जोडणीचा भाग स्वतः बनवायचा होता, आणि त्यासाठी बीबीएनने लिहिलेला अहवाल क्रमांक १८२२ पुरेसा ठरला. केबलमधल्या तारा कोणत्या, विद्युत संकेत कोणता, एकेक बिट कसा सुपूर्द करायचा, हे सगळे त्यात होते. संकेतांची नावेही सरळ बोलीतली: ‘पुढच्या बिटसाठी तयार’, ‘हा घे तुझा बिट’. पुस्तक वाचून पदवीचे विद्यार्थी सोल्डरिंग करत आणि यंत्र जोडले जाई. त्याच वर्षी ७ एप्रिलला स्टीव्ह क्रॉकरने पहिला आरएफसी लिहिला. ही टिपणे कोणीही लिहावी, अर्धवट असली तरी पाठवावी, आणि कोणीही वाचावी, असा त्यांचा रिवाज पडला. पुढची जवळजवळ तीन दशके जॉन पोस्टेल याने त्या मालिकेचे संपादन केले.

तरी याच बीबीएनने १९७२ च्या सुमारास कुलूप लावून पाहिले. काही अभियंते बाहेर पडून पॅकेट कम्युनिकेशन्स नावाची कंपनी काढायला निघाले. त्यांनी आयएमपीच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड मागितला आणि बीबीएन तो द्यायला तयार होईना. यंत्र सरकारी पैशाने झालेले, तेव्हा शेवटी पैसा पुरवणाऱ्या अर्पा या सरकारी संस्थेने जोर लावला आणि नाममात्र हाताळणी-खर्च घेऊन कोड द्यावा लागला. एकाच कंपनीने १८२२ आनंदाने वाटला आणि आयएमपीचा कोड अडवला. मला या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. कागद वाटल्याने आपली यंत्रे जोडली जाणार होती तेव्हा तो खुला झाला. आपलेच माजी सहकारी स्पर्धेला उतरणार म्हटल्यावर हात आखडला. दोन्ही वेळा मजकुराच्या गुप्ततेचा प्रश्नच नव्हता.

ऐंशीच्या दशकात खुल्या आणि बंद कागदांची समोरासमोर कसोटी लागली. युरोपातली सरकारे, दूरसंचार खाती आणि मोठ्या कंपन्या ओएसआय या प्रोटोकॉल-कुटुंबामागे उभ्या होत्या. ओएसआयची मानके विकत घ्यावी लागत. टीसीपी/आयपीचे आरएफसी फुकट होते आणि नेटवर्कवरूनच उतरवून घेता येत. ओएसआय मागे पडण्याची कारणे अनेक होती. समित्यांची संथ गती, गुंतागुंत, बर्कली युनिक्समध्ये टीसीपी/आयपी आयतेच मिळणे, हे सगळे खरे. पण ज्याला संध्याकाळी कल्पना सुचली आणि रात्री प्रोग्रॅम लिहून पाहायचा आहे, त्याच्या हातात मानक कोणते पडले, ही बाब त्यात लहान नव्हती. कार्ल मलामुड याने १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाला, म्हणजे आयटीयूला, पटवून त्यांचा हजारो पानांचा ‘ब्लू बुक’ मानकसंग्रह इंटरनेटवर ठेवला. सरचिटणीस पेक्का तार्यान्ने यांनी परवानगी दिली होती. वर्ष संपता संपता ती काढून घेतली गेली. संघाच्या शिफारशी सर्वांना फुकट मिळायला २००७ उजाडले. इथरनेटची मानके सांभाळणाऱ्या आयईईई ८०२ समितीने २००१ मध्येच प्रकाशनानंतर सहा महिन्यांनी मानके मोफत द्यायला सुरुवात केली होती. भारतात इआरनेट १९८६ मध्ये सुरू झाले. मुंबईत जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, पाच आयआयटी, बंगळुरूची विज्ञान संस्था आणि केंद्राचे इलेक्ट्रॉनिक्स खाते असे त्याचे आठ भागीदार होते. त्याच्या कण्यावर सुरुवातीला टीसीपी/आयपी आणि ओएसआय दोन्ही चालत. १९९५ नंतर जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर आली.

याच मातीत राउटर बनवणारी सिस्को वाढली. लेन बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी डिसेंबर १९८४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने नव्वदच्या दशकात आपली सगळी मॅन्युअले आधी सीडीवर आणि मग वेबवर टाकली. वाचायला लॉगिन लागत नसे, करार लागत नसे. १९९३ मध्ये तिने सीसीआयई ही कठीण परीक्षा सुरू केली आणि तिच्या प्रात्यक्षिकात उमेदवाराला मॅन्युअल उघडून पाहण्याची मुभा ठेवली. अभियंत्याने सगळे पाठ करावे अशी अपेक्षा नव्हती. कुठले पुस्तक कुठल्या पानावर उघडायचे हे त्याला माहीत असावे, इतकेच. याचा परिणाम असा झाला की सिस्कोचा राउटर कधी विकत न घेतलेली माणसेही सिस्कोच्या पुस्तकांवर राउटिंग शिकली. मनिला, लागोस, पुणे, कुठेही शिकणाऱ्याच्या बोटांत त्याच कमांड बसल्या. पुढे नोकरीत उपकरण निवडायची पाळी आली की तो परिचित उपकरणच निवडणार. हे खुलेपण परोपकार म्हणून आले असे कोणी समजू नये. ती धंद्याची चांगली समज होती, आणि म्हणूनच ती या वादात माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

बदल साधारण २००८ ते २०१४ या वर्षांत ठळक झाला. उपकरणांचे भाव उतरू लागले होते आणि सेवा-कराराचे उत्पन्न मात्र दरवर्षी ठरलेले येत होते. डिसेंबर २००८ मध्ये मल्टिव्हेन नावाच्या स्वतंत्र देखभाल कंपनीने सिस्कोवर दावा लावला. तिचे म्हणणे असे की दोषदुरुस्तीच्या सॉफ्टवेअर आवृत्त्या फक्त सिस्कोचा सेवा-करार घेणाऱ्यालाच मिळतात, त्यामुळे दुसऱ्या कोणाला देखभालीच्या धंद्यात उभेच राहता येत नाही. सिस्कोने उलट दावा केला की मल्टिव्हेनच्या संस्थापकाने सिस्कोच्या कर्मचाऱ्याचे लॉगिन वापरून सॉफ्टवेअर उतरवले. दोन्ही दावे २०१० मध्ये आपसांत मिटले, त्यामुळे मूळ प्रश्नावर न्यायालयाचा निकाल आलाच नाही. त्याच वर्षी ओरॅकलने सन कंपनी घेतल्यावर सनच्या यंत्रांचे फर्मवेअर सपोर्ट कराराखाली आणले. २०१४ मध्ये एचपीने सर्व्हरच्या फर्मवेअरला वॉरंटी किंवा कराराची अट घातली. ही उदाहरणे प्रामुख्याने सॉफ्टवेअरची आहेत हे मान्य. पण फर्मवेअर ज्या पोर्टलमागे जाते त्याच पोर्टलमागे त्याच्या टिपा जातात, मग दोषांची यादी जाते, मग एखाद्या वर्षी पोर्टलची पुनर्रचना होते आणि कमांडचे पुस्तकही आत सरकते. कुठेही मोठी घोषणा होत नाही. जुना दुवा उघडला की लॉगिनचे पान समोर येते, एवढेच.

कंपन्यांच्या बाजूने मांडला जाणारा पहिला मुद्दा नकलेचा. तो पोकळ नाही. जानेवारी २००३ मध्ये सिस्कोने ह्वावेवर टेक्सासमध्ये दावा लावला. सोर्स कोडबरोबरच वापराची मॅन्युअले जशीच्या तशी उचलल्याचा आरोप त्यात होता. जुलै २००४ मध्ये वाद मिटला तेव्हा ह्वावेने कमांडची रचना, मॅन्युअले, मदतीची पाने आणि कोडचा काही भाग बदलण्याचे मान्य केले होते. दहा वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, सिस्कोने प्रतिस्पर्धी अरिस्टा कंपनीवर कमांड आणि मॅन्युअलच्याच प्रताधिकारावरून दावा लावला. २०१६ मध्ये ज्युरीने अरिस्टाला मोकळे केले: कमांडची रचना सिस्कोसारखी आहे हे खरे, पण अशा कामात ती तशी येणारच. पेटंटसह बाकीचे तंटे चालूच राहिले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अरिस्टाने ४० कोटी डॉलर देऊन सगळे मिटवले. म्हणजे नक्कल होते. पण दोन्ही वेळा कंपनीला आपले काम कुलपाने राखावे लागले नाही, कायद्याने ते राखले किंवा राखले नाही. मजकूर जाहीर होता म्हणूनच ह्वावेचे आणि सिस्कोचे पुस्तक शेजारी ठेवून कोणालाही तपासता आले. शिवाय ज्या स्पर्धकाला मॅन्युअल हवे आहे तो एक उपकरण विकत घेतो, एक वर्षाचा करार घेतो आणि पुस्तक वाचतो. त्याच्यासाठी हा खर्च नगण्य. कुलूप अडवते ते विद्यार्थ्याला, जुने उपकरण घेणाऱ्या लहान संस्थेला आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्याला.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि त्याला इतिहासात एक गाजलेला दाखला आहे. अमेरिकेतल्या बेल सिस्टिम या टेलिफोन कंपन्यांच्या समूहाच्या तांत्रिक नियतकालिकाने नोव्हेंबर १९६० च्या अंकात ब्रीन आणि डालबम यांचा लेख छापला. दूरच्या एक्सचेंजला क्रमांक कळवण्यासाठी कोणत्या वारंवारतेच्या सुरांच्या जोड्या पाठवल्या जातात, त्याचा तक्ताच त्यात होता. ट्रंक मोकळी करणारा २६०० हर्ट्झचा सूर आधीपासून माहीत होता. या दोहोंवर ‘ब्लू बॉक्स’ उभा राहिला आणि फुकट ट्रंककॉलचा उद्योग सुरू झाला. १९७१ मध्ये स्टीव्ह वॉझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्झ यांनाही सुरांचा तक्ता एका तांत्रिक ग्रंथालयातच सापडला. मग तो लेख छापलाच नसता तर? याचे उत्तर एका अंध मुलाने लेख छापून येण्याआधीच दिले होते. जो एन्ग्रेसिया सात-आठ वर्षांचा असताना, १९५७ च्या सुमारास, फोनवर शीळ घालत होता आणि ठरावीक सुराला कॉल तुटतो हे त्याच्या ध्यानात आले. ज्या तारेवरून माणसे बोलतात त्याच तारेवरून यंत्रणेच्या आज्ञा जात होत्या. कान असलेल्या कोणालाही त्या ऐकू येत. दोष रचनेत होता, लेखात नव्हता. तो गेला तो १९७६ पासून आज्ञांसाठी वेगळी वाहिनी आल्यावर. ग्रंथालयातले अंक हलवून तो जाणार नव्हता. तक्ता छापल्यामुळे ब्लू बॉक्स लवकर आले, जास्त आले, हे मी नाकारत नाही. पण कंपनीने त्या काळात कागद लपवण्याकडे जेवढे लक्ष दिले तेवढे रचनेकडे दिले असते तर वाहिनी आधी वेगळी झाली असती, असे मला वाटते. आजच्या हल्लेखोराकडे चोरलेले लॉगिन असते, जुन्या बाजारातून घेतलेले उपकरण असते, फर्मवेअर उलगडण्याची साधने असतात. त्याला मॅन्युअलची वाट पाहावी लागत नाही.

तिसरा आक्षेप वरवर सर्वांत सरळ: ज्याने पैसे दिले त्याला लॉगिन मिळतेच, मग तक्रार कोणाची? घरच्या पंख्याबाबत हे म्हणता आले असते. नेटवर्कच्या उपकरणाबाबत नाही, कारण त्याचा बिघाड मालकाच्या भिंतीआड राहत नाही. एक नमुना पाहा. दोन वेगळ्या संस्थांच्या राउटरमध्ये बीजीपी हा एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल जोडला आणि कोणते मार्ग द्यायचे-घ्यायचे याची गाळणी लावायची राहिली, तर सिस्कोच्या जुन्या आयओएस या कार्यप्रणालीत सगळे मार्ग खुशाल इकडून तिकडे जातात. त्याच सिस्कोच्या आयओएस-एक्सआरमध्ये गाळणी लिहीपर्यंत एकही मार्ग जात नाही. कंपनी एक, प्रोटोकॉल एक, आणि न लिहिलेल्या ओळीचा अर्थ अगदी उलटा. २०१७ मध्ये आरएफसी ८२१२ ने दुसरी वागणूक हेच मानक ठरवले, तरी प्रत्यक्ष वापरात असलेली जुनी उपकरणे आपापल्या सवयीनेच चालतात. कोणते उपकरण कोणत्या आवृत्तीत कसे वागते हे फक्त मॅन्युअल सांगते. इथली एक चूक किती लांब जाते हे २४ फेब्रुवारी २००८ रोजी दिसले. पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी एक मार्ग टाकला, तो हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूमार्गे जगभर पसरला, आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब उघडेना. ती चूक मॅन्युअल मिळाले नाही म्हणून झाली असे मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की नुकसान झालेल्यांपैकी जवळजवळ कोणाचाच त्या राउटरच्या विक्रेत्याशी करार नव्हता. ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना आपल्या शेजाऱ्याचे यंत्र कसे वागते हे वाचायचा अधिकार असावा, यात गैर काय?

करार असणाऱ्यालाही ते लॉगिन कायमचे मिळत नाही. फास्टआयर्न या स्विचचा प्रवास पाहा. तो बनवला फाउंड्रीने. २००८ मध्ये फाउंड्री ब्रोकेडने घेतली. २०१७ मध्ये ब्रोकेडची वाटणी झाली आणि त्या स्विचची शाखा रकस या वायरलेस शाखेसह अ‍ॅरिसकडे गेली. २०१९ मध्ये अ‍ॅरिसला कॉमस्कोपने घेतले. अकरा वर्षांत चार मालक, चार पोर्टल, चार वेळा बदललेले दुवे. नॉर्टेल जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तिचा उद्योग-नेटवर्कचा धंदा अव्हायाकडे आणि २०१७ मध्ये तिथून एक्स्ट्रीमकडे गेला. रॅकमधला स्विच या साऱ्या काळात जागचा हलला नाही. सार्वजनिक ठेवलेले मॅन्युअल अशा वेळी कोणाच्या तरी संग्रहात टिकते, ग्रंथालये आणि वेब-संग्रह त्याची प्रत ठेवतात. लॉगिनमागच्या पुस्तकापर्यंत हे संग्रह पोहोचत नाहीत, म्हणून पोर्टल बंद झाले की पुस्तक बहुधा संपते.

उपकरणाच्या पोटातल्या चिपबद्दल तर ही बंदी आणखी कडक आहे. तिथे डेटाशीटसाठी करारही पुरत नाही, गुप्ततेचा एनडीए लागतो. ब्रॉडकॉमच्या वायरलेस चिपची माहिती मिळेना, तेव्हा २००५-०६ मध्ये लिनक्सच्या स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने कंपनीच्या ड्रायव्हरची चिरफाड करून चिप कशी वागते त्याचे वर्णन लिहिले. दुसऱ्याने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे प्रताधिकाराचा भंग होऊ नये. जून २००६ मध्ये तो लिनक्स २.६.१७ मध्ये आला. ज्या पुस्तकाला कंपनीने नकार दिला ते बाहेरच्या माणसांनी रात्री जागून स्वतः लिहिले. रेडिओच्या सरकारी नियमांमुळे माहिती देता येत नाही असे तेव्हा चिप-उत्पादक सांगत. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःच्या नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला आणि रेडिओचे नियम तेव्हाही जागेवरच होते.

भारताने या प्रश्नाला दोनदा हात घातला आहे. २०१० मध्ये दूरसंचार खात्याने परदेशी उपकरणांच्या सुरक्षिततेच्या काळजीतून पुरवठादारांनी सोर्स कोड तिसऱ्याकडे ठेव म्हणून ठेवावा अशी अट घातली. पुरवठादारांनी कडाडून विरोध केला आणि मे २०११ मध्ये परवान्याच्या अटी सौम्य झाल्या. त्या अटींत चालवण्याची आणि देखभालीची कार्यपद्धती मॅन्युअलच्या रूपात नोंदवून ठेवण्याचे बंधन आले, पण ते ऑपरेटरच्या कपाटापुरते. सरकारला पाहता यावे एवढीच त्यामागची दृष्टी होती, वाचकाचा विचार त्यात नव्हता. दुसरा प्रयत्न वेगळ्या धंद्यात झाला आणि तो जास्त खोल गेला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटारकंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. कारण हे की त्या सुटे भाग, दोष शोधण्याची साधने आणि तांत्रिक मॅन्युअले बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या. सुरक्षिततेचा आणि बौद्धिक संपदेचा बचाव तिथेही मांडला गेला होता. आयोगाने तो मानला नाही. १९५६ च्या हुकूमनाम्यातला विचारच इथे पुन्हा भेटतो. नेटवर्कच्या उपकरणांपर्यंत तो अजून पोहोचलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले ते शेती-अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्यासाठी. त्याच महिन्यात न्यूयॉर्क राज्याने केलेल्या दुरुस्ती-कायद्यातून व्यवसायांना आणि सरकारला विकली जाणारी उपकरणे वगळली गेली.

कायदा यायला वेळ लागेल, पण आपल्याकडे सर्वांत मोठा खरेदीदार सरकारच आहे. भारतनेटच्या मूळ योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा संकल्प होता. या जाळ्यातली उपकरणे ज्या गावांत बसतात तिथे पुरवठादाराचा अभियंता दोन-तीन दिवसांनी पोहोचतो, आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकलेला मुलगा तासाभरात. त्याच्या फोनवर पुस्तक उघडले तर बहुतेक बिघाड त्याच्या हातचे आहेत. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने १९८४ नंतर ग्रामीण एक्सचेंजचे तंत्र देशातल्या अनेक कारखान्यांना रेखाटने आणि कागदपत्रांसह दिले. त्याच बळावर जुलै १९८६ मध्ये कित्तूरला पहिले एक्सचेंज बसल्यानंतर ती पेटी देशभर गेली. म्हणजे कागद देऊन धंदा चालतो याचा अनुभव आपल्याच खात्याच्या पदरी आहे. निविदेत चार ओळी घालाव्यात: बसवण्याचे मॅन्युअल, कमांडचे संदर्भपुस्तक, प्रत्येक आवृत्तीच्या टिपा आणि माहीत असलेल्या दोषांची यादी लॉगिनशिवाय वाचता यावी, त्यांची प्रत ठेवण्याची आणि पुढे देण्याची परवानगी असावी, उपकरणाची विक्री थांबल्यावरही पुढची दहा वर्षे ती उपलब्ध राहावीत. अजून दुरुस्त न झालेला सुरक्षादोष तेवढा दुरुस्ती येईपर्यंत यादीबाहेर ठेवता येईल. तांत्रिक बोली उघडण्याच्या दिवशी समितीच्या सदस्याने स्वतःच्या फोनवर ती पुस्तके उघडून पाहावीत, आणि ज्या पुरवठादाराचे पुस्तक उघडणार नाही त्याचा किमतीचा लिफाफा न फोडता परत करावा.